एकट्याची वाट बंद करू नका

२०२२ च्या मे महिन्यात दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या रानात एकटा गेला. वाट चुकल्याचे त्याने फोन करून आपल्या माणसांना कळवले. पुढे फोन लागेनासा झाला. स्थानिक बचाव पथके, पोलीस आणि एनडीआरएफची तुकडी यांनी ते सगळे रान पिंजून काढले. अखेर त्याचा मृतदेहच दरीत सापडला.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मावळातल्या डोंगरांविषयी एकच सल्ला चहूकडून ऐकू येतो. एकट्याने जाऊ नका. उन्हाळ्यात तर मुळीच नको. जायचेच असेल तर एखाद्या ग्रुपबरोबर जा. ट्रेकिंग क्लबांतले जुनेजाणते हे सांगतात, पायथ्याच्या गावातली माणसे सांगतात, घरचे तर सांगतातच. काही जण एवढ्यावर न थांबता एकट्यादुकट्याला गडावर सोडूच नका, सरळ बंदी घाला, असा आग्रह धरतात. नकाशा आणि होकायंत्र घेऊन मुद्दाम सरावासाठी उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्याला तर वेड्यात काढले जाते. फोनमध्ये सगळे असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे त्याला विचारले जाते.

या सल्ल्यामागची कळकळ खरी आहे. तो देणाऱ्यांपैकी कित्येकांनी दरीतून स्ट्रेचर वर आणले आहे. म्हणूनच त्याचा प्रतिवाद आदराने करायला हवा, पण करायला हवाच. माझे म्हणणे थोडक्यात असे. वाट चुकून माणूस दगावतो, कारण आपण कुठे आहोत, कुठली उतरण गावाकडे नेते आणि कुठली कड्याकडे, हे त्याला उमगत नाही. हे उमगण्याची विद्या दुसऱ्याच्या पाठीमागे चालून येत नाही. ती एकट्यानेच शिकावी लागते. आणि मर्यादा पाळल्या तर मावळातला कोरडा उन्हाळा ती शिकण्यासाठी उत्तम काळ आहे.

आधी गर्दीचा विचार करू. ग्रुप म्हणजे सुरक्षितता, हे गृहीतक मावळातल्याच घटनांवर तपासून पाहावे. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एक महिला आणि चार मुले वाहून गेली. ती कुटुंबासह, भर गर्दीत उभी होती. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जण गेले, तेव्हा पुलावर माणसांची दाटी होती. २०२३ च्या जुलैमध्ये लोहगडाच्या दरवाजांत आणि पायऱ्यांवर हजारो पर्यटक तासन्‌तास अडकून पडले. मावळाबाहेर पाहायचे तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याहून गेलेला सहा जणांचा गट हरिश्चंद्रगडाच्या रानात वाट चुकला आणि त्यातला एक जण थंडीने दगावला. सहा जण बरोबर असूनही वाट सापडली नाही.

उन्हाचेही तेच. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातली उष्माघाताची सर्वांत भीषण घटना कुठल्या आडरानात घडलेली नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मोकळ्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात, लाखोंच्या समुदायात ती घडली. चौदा माणसे गेली. शेजारी माणूस होता, मैदानाबाहेर रस्ता होता, शहरात इस्पितळे होती. नव्हता तो एवढाच निर्णय: ऊन चढले, आता उठायचे आणि सावलीत जायचे. गर्दीत हा निर्णय कोणीच घेत नाही, कारण प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहून बसलेला असतो.

डोंगरातल्या ग्रुपचेही असेच होते. वीस जणांच्या रांगेत वाट शोधतो एक. बाकीचे एकोणीस पुढच्याच्या टाचांकडे पाहत चालतात. पुढचा चुकला की वीसच्या वीस चुकतात, आणि चूक लक्षात यायला उशीर होतो, कारण ‘पुढच्याला माहीत असेल’ हा विश्वास कुणी मोडायला धजत नाही. सोबतीचा फायदा मी नाकारत नाही. पाय मुरगळला, साप चावला, चक्कर आली, तर सोबत असलेला माणूस प्राण वाचवतो. पण सोबत आहे म्हणून वाट सापडते, हे खरे नाही. वाट सापडते ती वाट शिकलेल्याला.

ही शिकवण इतर कुठल्या डोंगरावरून उचलून मावळात वापरता येत नाही, हा माझ्या प्रतिवादाचा गाभा आहे. वाट चुकलात तर ओढ्याच्या कडेने खाली उतरा, ओढा गावाला पोचवतो, असे पुस्तकांत असते आणि ग्रुपमध्येही सर्रास सांगितले जाते. घाटमाथ्यावर हा सल्ला जीव घेऊ शकतो. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना वाहते. इंद्रायणी आणि पवना पूर्वेला वळून भीमेला मिळतात. त्यांच्या काठाने खाली गेले की शेत लागते, बांध लागतो, वस्ती लागते. पण उल्हास आणि अंबा नद्यांकडे जाणारे ओढे पश्चिमेला कोकणात उडी घेतात. त्यांच्या कडेने उतरणारा माणूस आधी घळीत शिरतो, मग घळ अरुंद होत जाते आणि शेवटी पायाखालचा कातळ संपतो. वर चढता येत नाही, खाली शेकडो फुटांचा कडा. म्हणून मावळात वाट चुकलेल्याने उत्तर कुठे आहे हे विचारण्याआधी समोरचे पाणी देशावर जाते की कोकणात, हे विचारले पाहिजे. या एका प्रश्नाचे उत्तर ज्याला नकाशावर आणि जमिनीवर देता येते, तो निम्मा वाचला.

इतिहासात याचा मोठा दाखला नागफणीच्या पायथ्यालाच आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन कुरवंड्याच्या घाटाने कोकणात उतरला. उंबरखिंडीच्या रानात शिवरायांनी त्याला गाठले तेव्हा पुढे वाट नव्हती, मागे वाट नव्हती आणि तहानेने फौज हैराण झाली होती. हजारोंच्या संख्येने काही साधले नाही. ज्यांना त्या रानातली प्रत्येक नाळ आणि प्रत्येक पाणवठा माहीत होता, त्यांनी ती लढाई जिंकली.

दुसरा सापळा पूर्वेकडच्या बाजूला आहे आणि तो उन्हाळ्यातच लागतो. तुंग, तिकोना, लोहगड यांपैकी कुठल्याही माथ्यावर उभे राहिले की खाली पवना धरणाचे पाणी लकाकताना दिसते. घसा कोरडा पडलेल्या माणसाला वाटते, आता सरळ खाली उतरावे, तासाभरात पाण्यावर. पण सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. त्याचे उतार पायऱ्यापायऱ्यांचे असतात. वरून पाहणाऱ्याला पुढच्या पायरीची फक्त कड दिसते, तिच्याखालचा कडा दिसत नाही. पाणी दिसते आणि मधला कडा दिसत नाही, ही फसगत केवळ डोळ्यांच्या भरवशावर टळत नाही. त्यासाठी नकाशा वाचता यावा लागतो, आणि नकाशा काय सांगत नाही हेही कळावे लागते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता संकेतस्थळावरून मिळतात. २०१७ पासून ते सामान्य नागरिकाला उतरवून घेता येतात. लोणावळा गाव नकाशांच्या जुन्या क्रमवारीत ४७ एफ/५ आणि ४७ एफ/६ या दोन पत्रकांच्या शिवेवर येते. राजमाची वरच्या पत्रकात, लोहगड, विसापूर, तुंग आणि कोरीगड खालच्या, आणि तिकोना शेजारच्या ४७ एफ/१० मध्ये. या नकाशावर जमिनीवरचा एक किलोमीटर दोन सेंटीमीटरचा असतो आणि समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचे अंतर. याचा अर्थ असा की पंधरा मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मध्ये बेमालूम लपू शकतो. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. रेषा जवळ जवळ आल्या की उतार उभा, एवढे पाठ करून भागत नाही. दोन रेषांमध्ये काय दडले असेल याचा अंदाज प्रत्यक्ष जमिनीवर वारंवार पडताळूनच बांधता येतो.

आता फोनविषयी. फोन टाकून द्या, असे मी म्हणत नाही. आधीच नकाशा उतरवून घेतला असेल तर नेटवर्क नसतानाही तो आपली जागा दाखवतो, आणि बचाव पथकाला ती जागा कळवण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही. पण पडद्यावरचा निळा ठिपका तुम्ही कुठे आहात एवढेच सांगतो. ठिपक्यापासून गावापर्यंतच्या जमिनीत काय आहे ते सांगत नाही. भर उन्हात हातात धरलेला फोन तापून आपोआप बंद पडतो. घळीत उतरले की सिग्नल जातो. दिवसभर नकाशा उघडा ठेवला की संध्याकाळी, नेमक्या गरजेच्या वेळी, बॅटरी संपते. जे साधन संकटाच्या क्षणी मदत मागण्यासाठी राखून ठेवायला हवे, तेच आपण सकाळपासून वाट शोधण्यात खर्च करतो. कागदाचा नकाशा वाचता येणाऱ्याला फोन बंद करून पिशवीत ठेवता येतो. नकाशा शिकायचा तो फोन वाचवण्यासाठीही.

दिशांच्या बाबतीतही पुस्तकी उपायांवर विसंबून चालत नाही. घड्याळाच्या काट्यावरून दक्षिण शोधण्याची युक्ती स्काउटच्या शाळेत शिकवतात. ती मुळात इंग्लंड-युरोपातल्या आकाशासाठी आहे, जिथे दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. लोणावळ्यात मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तिथपासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. त्या दिवसांत घड्याळाच्या भरवशावर चालणारा उलट दिशेला जाईल. होकायंत्राच्या बाबतीत मात्र मावळ आपल्याला झुकते माप देतो. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इथे एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे नवशिक्याला तो हिशेबात धरावा लागत नाही. फक्त काळ्या कातळात लोहखनिज असते, म्हणून उघड्या खडकावर टेकवून होकायंत्र वाचू नये. या गोष्टी सांगायला दहा मिनिटे लागतात. अंगवळणी पडायला मात्र अनेक सकाळी लागतात, आणि त्या सकाळी निर्णय आपलाच असावा लागतो.

‘शिका, पण एकट्याने कशाला?’ हा पुढचा आक्षेप. सायकल मागच्या कॅरिअरवर बसून शिकता येत नाही, इतके साधे उत्तर याला आहे. शेजारी जाणकार असेल तर माणूस नकळत त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. फाट्यावर तो क्षणभर थबकला की कळते, इथे काहीतरी आहे. तो निर्धास्त चालत राहिला की आपणही निर्धास्त. ढोरवाट कुठली आणि मळलेली माणसांची वाट कुठली, हा मावळातला रोजचा पेच आहे. गुरे चरायला जातात त्या वाटा रुंद आणि ठळक असतात, पण त्या कुठे पोचत नाहीत. गवतात विरून जातात. हा फरक ओळखायचा तर एखाद्या ढोरवाटेने शंभर पावले जाऊन, शंका येऊन, मोजलेल्या पावलांनी मागे येण्याचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. पावले मोजणे, वेळ लिहून ठेवणे, मागे वळून परतीचे दृश्य डोळ्यांत साठवणे या सवयी गप्पांच्या घोळक्यात लागत नाहीत. आधी जाणत्याबरोबर शिकावे, मग जाणता लांब, हाकेच्या अंतरावर ठेवून चालावे आणि शेवटी एकट्याने जावे, हा क्रम मला मान्य आहे. पण शेवटची पायरीच काढून टाकली, तर आधीच्या दोन पायऱ्या कुठेच पोचत नाहीत.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण इथे विरोधकांचा मुद्दा सर्वांत भक्कम आहे. ऊन जिवावर बेतते, आणि ते आधी डोक्यावर परिणाम करते. घाम थांबला की उष्माघात, अशी एक समजूत आहे. पण श्रमाने येणाऱ्या उष्माघातात घाम चालू असतानाही शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि माणूस भ्रमिष्ट होतो. सोबत कोणी असेल तर त्याच्या बोलण्यातला गोंधळ लक्षात येतो. एकट्याला स्वतःचा गोंधळ कळत नाही. हा आक्षेप मी कमी लेखत नाही. त्याचे उत्तर एवढेच की ज्या डोक्याला ऊन लागणार आहे, त्या डोक्यावर निर्णय सोडायचाच नाही. परतीची वेळ आदल्या रात्री घरी ठरवायची. उजाडताना चालायला लागायचे, दहाच्या आत चढण संपवायची, अकरापर्यंत गावात किंवा दाट सावलीत पोचायचे; ठरवलेली परतीची वेळ झाली की कुठेही असलो, गड शंभर पावलांवर असला, तरी वळायचे. पाणी निम्मे संपले की वळायचे. नुसते पाणी पीत राहिल्याने घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही, म्हणून ओआरएसची पाकिटे बरोबर ठेवायची. आणि नकाशाचा सराव हीच एक कसोटी होते. सकाळी सातला जो दिशेचा कोन चटकन काढता आला, तोच दहा वाजता काढताना आकडे घसरू लागले, पावलांची मोजणी तुटू लागली, तर ऊन डोक्यात गेले आहे. नकाशा मिटायचा आणि सावली गाठायची. गप्पा मारत चालणाऱ्या ग्रुपकडे अशी कसोटी नसते.

मग उन्हाळाच का? कारण पावसाळ्यात मावळ दिसतच नाही. धुक्यात दहा पावलांवरचे झाड दिसेना, गवताने वाट झाकलेली, कातळावर शेवाळ, ओढे तासाभरात चढलेले. त्या काळात शिकाऊ माणसाने डोंगरात एकट्याने जाऊच नये, आणि प्रशासनाचे पावसाळी मनाई आदेश काटेकोर पाळावेत. हिवाळा चांगलाच आहे. पण फेब्रुवारीनंतर कारवी वाळते, पाने गळतात, गवत वाळून आडवे होते आणि डोंगराचा सांगाडा उघडा पडतो. सोंड कुठून सुटते, खिंड कुठे बसते, कोरड्या ओढ्याचा माग कुठल्या घळीत शिरतो, हे उन्हाळ्यात जितके स्पष्ट दिसते तितके वर्षात कधीही दिसत नाही. नकाशावरच्या तपकिरी रेषा आणि समोरची जमीन यांचा मेळ घालायला याहून चांगला काळ नाही. उन्हाळ्यात धूर आणि धुरकट हवा असते, वणवे लागतात; वणवा दिसला तर त्या सोंडेवर जायचे नाही, हाही त्याच धड्याचा भाग.

जागा निवडण्यातही शहाणपण हवे, आणि ‘मावळात एकट्याने जाऊ नका’ हा सरसकट नियम हे शहाणपणच नाहीसे करतो. नागफणीचा कडा, ढाक बहिरी, उल्हासची दरी या शिकाऊच्या जागा नाहीत; तिथे गावचा वाटाड्या घेऊन जावे, त्याला त्याचा योग्य मोबदला द्यावा. शिकायला माळवली स्थानकापासून भाजे गावावरून गायमुख खिंडीकडे जाणारा मुलूख आहे. उत्तरेला रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग, दक्षिणेला पवना धरण, मध्ये लोहगड आणि विसापूर अशा ठळक खुणा. इथले सगळे पाणी इंद्रायणीला किंवा पवनेला जाते, कोकणात नाही. उत्तरेला उतरलो तरी वस्ती, दक्षिणेला उतरलो तरी वस्ती. विसापूरला स्वतःचे कडे आहेत, म्हणून बेसावध राहायचे नाही. पण चुकलेल्याला इथे सुधारायला वाव मिळतो. वेळेचा हिशेबही इथेच शिकावा. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम जगभर वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. माळवलीपासून लोहगडाच्या माथ्यापर्यंत साधारण साडेचारशे मीटर चढायचे आहे, म्हणजे चढणीचीच पाऊण तासाची भर. पण नेस्मिथ थंड हवेत चालत होता. वैशाखातल्या उन्हात, ओझ्यासह, त्याच्या आकड्यात निदान निम्मी भर घालावी लागते. आपला स्वतःचा आकडा काय, हे प्रत्येकाने एकट्याने चालूनच ठरवायचे असते. ग्रुपमध्ये चालणाऱ्याला ग्रुपचा वेग कळतो, स्वतःचा कधीच कळत नाही.

बचाव पथकांचा आक्षेप मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तो नैतिक आहे. शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे कार्यकर्ते नोकरी-धंदा सोडून मध्यरात्री दरीत उतरतात. कुणाच्या हौसेसाठी त्यांनी जीव का धोक्यात घालावा? हा प्रश्न एकट्या चालणाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे, आणि त्यांच्या श्रमांची परतफेड आधीच केली पाहिजे. कुठल्या गावातून निघणार, कुठल्या वाटेने, किती वाजता परत, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचे, हे कागदावर लिहून घरी आणि पायथ्याच्या गावात ठेवायचे. वाट चुकली असे पटले की भटकायचे थांबायचे, सावलीत बसायचे, ११२ ला फोन लावायचा आणि आपली जागा सांगायची. जागा सांगता येणे म्हणजे काय, हे कुठल्याही शोध पथकाला विचारा. ‘झाडी आहे, समोर डोंगर आहे’ असे सांगणाऱ्याला शोधायला सगळे रान पालथे घालावे लागते. ‘गायमुख खिंडीच्या पूर्वेला, विसापूरच्या उतारावर, दुसऱ्या घळीत, पाणी पवनेकडे जाते’ असे सांगणाऱ्याकडे पथक सरळ येते. नकाशा शिकलेला माणूस बचाव पथकाचे काम हलके करतो. पथकावर ओझे पडते ते न शिकलेल्या प्रत्येकाचे, मग तो एकटा असो की वीस जणांत.

स्त्रियांच्या बाबतीत हा सल्ला अधिक कडक होतो: बाईमाणसाने तर एकटीने अजिबात जाऊ नये. इथे भीती डोंगराची नसते, माणसांची असते. मद्याच्या बाटल्या घेऊन आलेले टोळके, निर्जन वाटेवर छेड काढणारे हे धोके खरे आहेत आणि नकाशाने ते टळत नाहीत. पण त्यावरचा उपाय पोलिसांच्या गस्तीत आणि त्या टोळक्यांवरच्या कारवाईत आहे. गुन्हा करणाऱ्याला मोकळे सोडून जिच्यावर तो होऊ शकतो तिलाच घरी बसवणे, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. तिने कधी, कुठे जायचे हे ती ठरवील; तिच्या शिकण्याचा हक्क इतरांइतकाच आहे.

आणि ‘एकट्याने डोंगरात जाणे आपल्याकडचे नाही’ असे म्हणणाऱ्यांनी जरा मावळाकडेच पाहावे. या डोंगरांत धनगर, ठाकर, कातकरी, महादेव कोळी माणसे पिढ्यान्‌पिढ्या भर उन्हात एकटी फिरत आली आहेत. गुरांमागे, मोळीसाठी, मधासाठी. लोणावळ्याच्या बाजारात मे महिन्यात विकायला येणारी करवंदे आणि जांभळे कुणीतरी एकट्याने किंवा एकटीने पहाटे रानात जाऊन आणलेली असतात. त्यांना कोणी धाडसी म्हणत नाही, कारण त्यांना वाट येते. तळेगाव दाभाड्याला राहून सगळा दुर्ग-मुलूख पायाखाली घातलेल्या गो. नी. दांडेकरांना आपण डोक्यावर घेतो. राजमाचीवर एकट्याने राहणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगणारी त्यांची ‘माचीवरला बुधा’ आवडीने वाचतो. ज्या वृत्तीची पुस्तकात पूजा करतो, तीच डोंगराच्या पायथ्याशी अडवायची, हे पटण्यासारखे नाही.

सरकारचे धोरणही या एका जागी अपुरे आहे. साहसी उपक्रमांसाठी राज्याने २६ जुलै २०१८ ला सुरक्षेचा शासन निर्णय काढला, २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. दोन्हींचा भर उपक्रम चालवणाऱ्या संस्थांवर आहे, आणि पैसे घेऊन माणसे नेणाऱ्यांवर जबाबदारी टाकणे योग्यच आहे. पण रविवारी माळवलीला उतरणारा बहुसंख्य तरुण कुठल्याच संस्थेचा नसतो. त्याला शिकवण्याची जबाबदारी आज कुणाचीच नाही. आणि बंदी घातली तरी तो येणार. फक्त कुणाला न सांगता, नोंद न करता, पोलीस नसलेल्या वाटेने येणार. बंदीने एकटा जाणारा कमी होत नाही, एकटा सापडण्याची शक्यता तेवढी कमी होते.

म्हणून मावळ आणि पुण्यातल्या ट्रेकिंग क्लबांना माझी थेट विनंती आहे. ‘एकट्याने जाऊ नका’ हे वाक्य आपल्या सूचनांतून काढा आणि त्या जागी ‘आधी नकाशा शिका’ हे लिहा. फेब्रुवारी ते मे या काळात गडांच्या सहली कमी करा आणि पहाटेचे नकाशावर्ग घ्या: भाज्यापासून गायमुख खिंडीपर्यंत, प्रत्येकाला वेगळे सोडून, जाणकार हाकेच्या अंतरावर ठेवून. ग्रामपंचायती आणि वन विभागाने पायथ्याला एक नोंदवही ठेवावी आणि एक फलक लावावा. त्यावर त्या परिसराचा मोठा नकाशा, पाणी कुठल्या बाजूला वाहते त्याचे बाण, उन्हाळ्यातले जिवंत पाणवठे आणि मदतीचा क्रमांक असावा. खर्च एका कमानीपेक्षाही कमी येईल.

आणि ज्याला एकट्याने जायचे आहे त्याला सांगणे एवढेच: हक्क मागतोस तर आधी विद्या घे. ४७ एफ/६ चे पत्रक छापून घे, आठवडाभर घरी त्यावर बोट फिरव, जाणत्याबरोबर चाल, आणि मगच एका पहाटे लवकर, घरी वेळ लिहून ठेवून, भाज्याच्या वाटेला लाग. अकराच्या आत परत ये.